न्यूटना चालायला जागा

(ठाकुर्ली पूर्व, मंगळवार सकाळ. मीराबाईंचं काचेच्या टाक्यांचं दुकान. टाक्या त्या स्वतः कापतात आणि स्वतः चिकटवतात. समोर स्टुलावर बसलेत डोंबिवलीचे गुणाजी परब, वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. हातात टाकीचा नकाशा. कागद इतका नेटका, की चुकीने आत शिरायला घाबरावं. तरी ती शिरलेली आहे.)

मीराबाई: नाही म्हटलं ना काका. ही टाकी मी नाही बनवणार.

गुणाजी: का पण? माप स्पष्ट लिहिलेलं आहे. लांबी एक फूट, रुंदी एक फूट, उंची अडीच फूट.

मीराबाई: वाचता येतं मला. पण ही टाकी नाही हो, ही लिफ्ट आहे.

गुणाजी: बाई, मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली. अंबरनाथपासून मुरबाडपर्यंत काटे तपासले. माझ्या मापाला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

मीराबाई: ते तुमच्या हातातल्या शिक्क्याला घाबरून असेल. मी एकवीस वर्षं टाक्या बनवतेय. आधी मिस्टर कापायचे, मी सिलिकॉन भरायचे. ते गेल्यावर कापायला पण मीच. माझ्या हातची एक टाकी गळलेली दाखवा, आत्ताच्या आत्ता शटर खाली ओढते.

गुणाजी: गळण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुमचं नाव ऐकूनच आलो आहे.

मीराबाई: मग ऐका ना माझं. आधी सांगा, आत राहणार कोण?

गुणाजी: न्यूट. दोन आहेत.

मीराबाई: म्हणजे ते पालीसारखे? काळी पाठ आणि खाली नारिंगी पोट?

गुणाजी: पाल नव्हे. बेडकाच्या नात्यातला प्राणी आहे. हा फोटो बघा. शेजारी फूटपट्टी ठेवली आहे. मादी चार इंच, नर साडेतीन. शेपटीसकट.

मीराबाई: अरे देवा! फूटपट्टी लावून फोटो! नातवाचा पण कोणी असा काढत नाही. आणि कागद-बिगद आहेत ना यांचे? नंतर लफडं नको.

गुणाजी: नोंदणी केलेली आहे. फाइल घरी आहे, हवी तर आणून दाखवतो.

मीराबाई: राहू द्या. तुमच्याकडे बघूनच कळतंय फाइल असणार. आता मला सांगा, अडीच फूट उंची कशाला?

गुणाजी: हिशेब साधा आहे. यांना गार पाणी लागतं. विशीच्या आसपास. डोंबिवलीत मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं. पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश तापतं. म्हणून लिटर वाढवायचे. एक घनफूट म्हणजे अठ्ठावीस पॉइंट तीन लिटर. अडीच घनफूट म्हणजे सत्तर पॉइंट आठ. आताच्या टाकीच्या अडीच पट.

मीराबाई: आताची केवढी आहे?

गुणाजी: एक बाय एक बाय एक. मुलगी ठेवून गेली तेव्हा ते लहान होते.

मीराबाई: म्हणजे मुलीचे आहेत होय! मी म्हटलं, या वयात काकांना हे काय सुचलं.

गुणाजी: रसिकाचे. पुण्याला संशोधन करते, बेडकांवर. सहा महिने रानोमाळ फिरती होती, म्हणून माझ्याकडे सोडले. सहाचे आठ झाले. आठ महिन्यांत मी एक दिवस चुकलो नाही, बाई. सकाळी गांडुळाचे तुकडे चिमट्याने. दर तीन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते, तेव्हा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडायच्या. घरात एकच एसी आहे. तो त्यांच्या खोलीत. मी बाहेर पंख्याखाली झोपतो.

मीराबाई: अख्खा उन्हाळा?

गुणाजी: अख्खा. रसिका म्हणाली होती, डोंबिवलीत न्यूट जगणं कठीण. जगले. दोन्ही जगले. नुसते जगले नाहीत, वाढले. अबोली तर पाऊण इंचाने वाढली.

मीराबाई: अबोली?

गुणाजी: म्हणजे मादी. मुलीने नावं ठेवलीत. अबोली आणि पळस.

मीराबाई: छान आहेत की! मग एवढं सगळं नीट चाललंय, तर अचानक नवीन टाकी का?

गुणाजी: मागच्या सोमवारी अबोली टाकीतून बाहेर आली. सकाळी बघतो तर टाकीत एकच. सगळी खोली पालथी घातली. कपाटाखाली सापडली, अंगाला जळमटं चिकटलेली, सुकून काडी झालेली. ओल्या रुमालात घेऊन बसलो. पाऊण तास हलली नाही. मग एक पाय हलवला.

मीराबाई: जगली ना पण?

गुणाजी: जगली. आता खातेही.

मीराबाई: आणि पोरीला सांगितलंत?

गुणाजी: त्याच दिवशी. माझ्याने लपवणं होत नाही. ती रागावली नाही, तेच लागलं. अगदी मऊ आवाजात म्हणाली, बाबा, तुमच्याकडून हे आता होणार नाही, पुढच्या रविवारी मी येते. ठाण्यात एक हौशी माणूस आहे, त्याच्याकडे मोठी मोठी काचघरं आहेत. त्याला देऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाते म्हणाली.

मीराबाई: म्हणजे हा रविवार.

गुणाजी: हाच. त्याआधी घरात योग्य टाकी उभी असली, तर मी तिला म्हणू शकेन, बघ, होतं माझ्याकडून. मला ते द्यायचे नाहीत, बाई. सरळ सांगतो. बायको जाऊन चार वर्षं झाली. त्या घरात मी सोडून हलणारं असं काही नव्हतंच. आता सकाळी दार उघडलं की दोन डोकी वर येतात.

मीराबाई: मग अशी लिफ्ट नेऊन ठेवलीत तर पोरगी रविवारी दहा मिनिटांत दोघांना उचलून नेईल. लिहून देते.

गुणाजी: पण सत्तर लिटर आहेत! पुस्तकात दोघांना पंच्याहत्तरच्या आसपास सांगितलंय. मी जवळ पोहोचलो आहे.

मीराबाई: काका, आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. बिल्डर आला, म्हणाला साडेसहाशे फूट. आम्ही सगळ्या बायकांनी एकदम विचारलं, कार्पेट किती? तर गडी पाणी प्यायला लागला. तुमचे लिटर म्हणजे बिल्डरचा सुपर बिल्टअप आहे. मला कार्पेट सांगा.

गुणाजी: कार्पेट म्हणजे... तळ?

मीराबाई: तळ. पाय टेकायची जागा. जुन्या टाकीत किती होती?

गुणाजी: एक चौरस फूट.

मीराबाई: आणि या नवीन लिफ्टमध्ये?

गुणाजी: एक चौरस फूट.

मीराबाई: झालं मग? टाकी अडीच पट आणि जागा तेवढीच. आम्ही शहाडला सात जण होतो, दहा बाय दहाच्या खोलीत. छत हे एवढं उंच. वर माळा. पण माळ्यावर ट्रंका राहायच्या हो, माणसं सगळी खालीच, एकमेकांच्या पायावर पाय देऊन.

गुणाजी: न्यूट पाण्यात राहतात, मीराबाई. पाण्यात वरची जागाही वापरता येते. मासे वापरतात.

मीराबाई: मासे पोहतात. तुमचे पोहतात का चालतात?

गुणाजी: पोहतातही.

मीराबाई: किती? तुमच्यासारख्या माणसाने लिहून ठेवलं असणार. आहे का वही?

गुणाजी: आहे. पिशवीतच आहे.

मीराबाई: काढा. वाचा कालचं.

गुणाजी: कालचं. सकाळी सात दहा, मादी तळाशी, डावीकडून उजवीकडे. सात बारा, उजव्या काचेला लागून वळली. परत डावीकडे. सात चौदा, डाव्या काचेला लागून वळली. परत. सात सोळा, वर येऊन हवा घेतली, खाली गेली. सात सतरा, उजव्या काचेला... परत.

मीराबाई: पुढे?

गुणाजी: परत.

मीराबाई: थांबलात का? वाचा की.

गुणाजी: पुढेही तेच आहे. परवाचंही तेच. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय. रोज. आणि मला वाटत होतं, ती व्यायाम करते.

मीराबाई: अहो, सगळ्यांचंच होतं असं. लोक टीव्हीशेजारचा कप्पा मोजून येतात. जनावर कोणी मोजत नाही. तुम्ही निदान जनावर तरी मोजलंत.

गुणाजी: जनावर मोजलं, त्याची चाल मोजली नाही. पण उंचीमुळे ती बाहेर पडणार नाही, हा मुद्दा तरी बरोबर आहे की नाही?

मीराबाई: बाहेर आली कुठून?

गुणाजी: कोपऱ्यातून. ओल्या काचेला चिकटून चढते. मी पाहिलंय.

मीराबाई: बारा इंच चढली, मग तीस पण चढेल. तिला काय दम लागतो? झाकण काय होतं?

गुणाजी: प्लायचं. वर ठेवलेलं. एका बाजूला फिल्टरच्या वायरसाठी खाच होती.

मीराबाई: तिथून गेली. मी जाळीचं झाकण देते, चौकटीत बसवलेलं, दोन्हीकडे क्लिप. वायरचं भोक वायरएवढंच. मुंगी पण परवानगी काढून जाईल.

गुणाजी: आणि तापमान? तिथे तर लिटरच लागतात.

मीराबाई: लागतात, मी कुठे नाही म्हणते? पण चहा कशात लवकर गार होतो, कपात की बशीत?

गुणाजी: बशीत.

मीराबाई: मग पाणी बशीत ठेवा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, उंची फक्त एक फूट. त्यात पाणी आठ इंचच. वरून छोटा पंखा फिरवलात तर एसीला पण आराम. हवा घ्यायला वर यायला पण त्यांना जवळ पडेल. एका टोकाला काचेचा ओटा करून देते, पाण्याच्या वर राहील असा. बसावंसं वाटलं तर बसतील.

गुणाजी: थांबा. तीन गुणिले दीड, साडेचार चौरस फूट. आठ इंच पाणी, म्हणजे बरोबर तीन घनफूट. चौऱ्याऐंशी पॉइंट नऊ लिटर!

मीराबाई: म्हणजे तुमच्या लिफ्टपेक्षा जास्त?

गुणाजी: चौदा लिटर जास्त. आणि तळ साडेचार पट. मीराबाई, मी रात्री... जाऊ दे. तीन संध्याकाळी बसून काढलेला नकाशा आहे हा.

मीराबाई: फाडू नका हो. नकाशा सुंदरच आहे. पाइप ठेवायला कामाला येईल अशी टाकी.

गुणाजी: हसा. हसायचा अधिकार आहे तुम्हाला.

मीराबाई: मग हीच करू? तीन बाय दीड? आज मंगळवार. आज कापते, आजच चिकटवते. दोन दिवस सिलिकॉन सुकायला, तो आंबूस वास पूर्ण गेला पाहिजे. मग पाणी भरून खाली पेपर पसरते. दीड दिवस पेपर कोरडा राहिला तरच माझी टाकी उंबरा ओलांडते. शनिवारी संध्याकाळी टेम्पोने तुमच्या घरी. उद्या हो म्हणालात तर रविवार हुकला.

गुणाजी: अडचण आहे.

मीराबाई: आता काय?

गुणाजी: तीन फूट ठेवायला जागा नाही.

मीराबाई: एसीच्या खोलीत? केवढी खोली आहे?

गुणाजी: दहा बाय नऊ.

मीराबाई: आणि तीन फूट नाहीत? काय काय आहे तिथे?

गुणाजी: पलंग, कपाट, टेबल. कपाट आणि टेबल यांच्यामध्ये चौदा इंच मोकळे आहेत.

मीराबाई: अच्छा. म्हणून एक बाय एक. आणि टेबलावर काय असतं?

गुणाजी: काही नाही. रोज पुसतो.

मीराबाई: रिकामं टेबल? केवढं?

गुणाजी: चार फूट बाय दोन फूट.

मीराबाई: काका!

गुणाजी: ते रसिकाचं आहे. अभ्यासाचं. दहावी, बारावी त्याच टेबलावर केली तिने. मी ते हलवलेलं नाही. कधी आली, चार दिवस राहिली, काम करावंसं वाटलं, तर बसायला तिला तिची जागा हवी.

मीराबाई: येते का राहायला?

गुणाजी: तिला वेळ नसतो. सकाळी येते, संध्याकाळी जाते.

मीराबाई: हं.

गुणाजी: मी टेबलाच्या कडेकडेने माप काढलं, मीराबाई. चूक नकाशात नाही. नकाशाच्या आधीच झालेली आहे.

मीराबाई: लावा तिला फोन.

गुणाजी: आत्ता? ती कामात असेल.

मीराबाई: काच मला आत्ता कापायचीय. टेबल तिचं आहे ना? मग तिला विचारा. लपवणं तुम्हाला जमत नाही म्हणता, मग विचारणं पण जमू दे. आणि स्पीकरवर टाका. तिने माप विचारलं तर मी सांगते.

गुणाजी: लागला. हॅलो, रसिका?

रसिका: बाबा? काय झालं? अबोली बरी आहे ना?

गुणाजी: बरी आहे. काल तीन तुकडे खाल्ले. मी ठाकुर्लीला आलोय, टाकी करून घ्यायला.

रसिका: बाबा, अहो, कशाला पण? रविवारी मी नेतेय ना त्यांना. तुम्ही उगाच दगदग करू नका. ठाण्याच्या त्या माणसाशी बोलणं झालंय माझं.

गुणाजी: आधी ऐकून घे. मी एक बाय एक बाय अडीचची टाकी काढली होती.

रसिका: अडीच उंची? बाबा, त्यांना उंचीचा काय उपयोग? त्यांना तर...

गुणाजी: चालायला जागा लागते. कळलं मला. माझं माप चुकलं, रसिका.

रसिका: काय म्हणालात?

गुणाजी: माझं माप चुकलं.

रसिका: बाबा, तुम्ही बरे आहात ना?

मीराबाई: बरे आहेत हो ताई! मी मीराबाई, टाकी बनवणारी. आता तीन बाय दीड बाय एक ठरलीय. सहा एमएम काच, जाळीचं झाकण क्लिपवालं, एका टोकाला ओटा. चालेल का?

रसिका: चालेल? ताई, माझ्या लॅबमध्ये पण एवढी चांगली नाहीये. ओटा उताराचा करा हां, सरळ नको, त्यांना चढता आलं पाहिजे.

मीराबाई: उताराचा करते. वरून थोडा खरखरीत.

रसिका: पण बाबा, ठेवणार कुठे? तुमच्या हॉलमध्ये तर भट्टी असते.

गुणाजी: त्यासाठीच फोन केला. तुझ्या खोलीत एकच जागा आहे. तुझं टेबल. तू नाही म्हणालीस तर मी काही म्हणणार नाही.

रसिका: कुठलं टेबल?

गुणाजी: अभ्यासाचं.

रसिका: ते माझं कसलं आता? बाबा, बारावीनंतर मी त्या टेबलावर बसलेलेच नाहीये. मला वाटलं, ते तुम्हाला लागतं म्हणून ठेवलंय. आले की पर्स पण त्याच्यावर ठेवायची नाही मी. एवढं लखलखीत असायचं.

गुणाजी: मला कशाला लागेल?

रसिका: मग तेरा वर्षं कोणासाठी पुसताय?

मीराबाई: मी जरा आत जाऊन काच बघते.

गुणाजी: नको, बसा तुम्ही. यात लपवण्यासारखं काय आहे. तुझ्यासाठी पुसतो, रसिका. वाटायचं, येशील कधी चार दिवस.

रसिका: बाबा...

गुणाजी: ते असू दे. वजनाचं बोलू. पाणी पंच्याऐंशी किलो, काच साधारण पंचवीस, वाळू वगैरे धरून सव्वाशे. टेबल सागवानी आहे. दिवाळीला त्याच्यावर उभा राहून मी पंखा पुसतो, मी सत्त्याहत्तर. पण सव्वाशे कायमचे पेलेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. मधोमध एक जादा पाय लावून घेईन. खाली प्लाय, प्लायवर थर्माकोल.

मीराबाई: बरोबर. थर्माकोल मी देते.

रसिका: जुन्या टाकीतलं पाणी टाकून देऊ नका. आणि फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही, तसाच नवीन टाकीत लावायचा.

गुणाजी: म्हणजे ते माझ्याकडे राहणार?

रसिका: तुम्हाला एक सांगू? ठाण्याच्या त्या माणसाशी मी दोनदा बोलले. त्याने मला एकच विचारलं, रंग फिका तर पडला नाहीये ना. आणि तुम्ही? तिला पाऊण तास ओल्या रुमालात घेऊन बसलात, आणि लगेच मला फोन करून सांगितलंत की चूक माझी. मी त्यावर म्हणाले, तुमच्याकडून होणार नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, बाबा.

गुणाजी: तू बरोबरच म्हणालीस. झाकणाची खाच मला दिसायला हवी होती.

रसिका: नाही, चुकीचंच म्हणाले. लॅबमध्ये मी सगळ्यांना सांगत असते, डोंबिवलीच्या मे महिन्यात माझ्या वडिलांनी दोन न्यूट ठणठणीत ठेवलेत. सर म्हणाले, कसं शक्य आहे? म्हटलं, तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही. मला फार अभिमान वाटतो हो तुमचा. तुमच्यासमोर बोलायचं राहून जातं.

गुणाजी: सरांना सांग, बर्फाच्या बाटल्या अर्ध्याच भरायच्या. पूर्ण भरल्या की फुगून फुटतात.

रसिका: सांगते. आणि ठाण्याला नको म्हणून कळवते आज.

गुणाजी: म्हणजे रविवारी तू येणार नाहीस.

रसिका: येणार. न्यायला नाही, राहायला. बुधवारपर्यंत सुट्टी टाकते. बसायला टेबल-बिबल काही नको मला, पलंगावर पडून बघत बसेन त्यांना.

गुणाजी: त्या खोलीत एसी विसावर असतो. रात्री कुडकुडशील.

रसिका: आईची ती गोधडी आहे ना अजून?

गुणाजी: आहे. आज घरी गेलो की उन्हात घालतो.